हिंदुरावांच्या नावावरची गाडी

मित्रांनो, मैनुद्दीनभाईंची थोरली लेक सुरय्या हिचे लग्न झाले ते वर्ष दोन हजार नऊ. तिची पाठवणी झाली आणि पुढच्याच आठवड्यात मी पुण्यात आले. म्हणून त्यांच्या घरात माझे वय सुरय्याच्या लग्नावरून मोजतात. मी एक जुनी राखी रंगाची मोटार आहे. डावा आरसा बदललेला, मागच्या दाराला एक पोचा, बाकी अंग धडधाकट. माझी गोष्ट अपघाताची नाही. ती एका नावाची आहे.

कारखान्यात मी आधी नुसते पत्र्याचे खोके होते. मग कोणी दारे बसवली, कोणी काचा, कोणी रंगाचे हात दिले. त्या माणसांची नावे मला ठाऊक नाहीत. मला मिळालेले पहिले नाव हिंदुरावांचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सहकारनगरला राहणारे, कमी बोलणारे गृहस्थ. पत्नी आधीच गेली होती. एकच मुलगी, सुनीती, हिंजवडीला कंपनीत. हिंदुरावांनी स्वतः कधी चाक हातात धरले नाही. भवानी पेठेतले मैनुद्दीनभाई माझे चालक झाले.

ते दिवस चांगले होते. दसऱ्याला मैनुद्दीनभाई मला पहाटे धूत, झेंडूची माळ ते स्वतः निवडून आणत आणि हिंदुराव कुंकू लावत. शेजारी म्हणत, "गाडी नवी दिसते हो अजून." हिंदुराव म्हणत, "मी नाही, मैनुद्दीन नवी ठेवतो." एकदा स्वारगेटच्या गर्दीत अडकलो असताना मागच्या सीटवरून ते सहज म्हणाले, "मी गेल्यावर ही तूच घे. सुनीतीला गाडीचा सोस नाही." मैनुद्दीनभाईंनी आरशात पाहिले आणि विषय बदलला. हे बोलणे आम्ही तिघांनीच ऐकले, आणि त्यातली मी बोलू शकत नव्हते.

पुढे हिंदुराव गेले. दिवस सरेपर्यंत मैनुद्दीनभाई पाहुण्यांना स्टेशनवर नेत-आणत होते. चौदाव्या दिवशी त्यांनी मला भवानी पेठेत नेले आणि मी तिथलीच झाले. माझ्या कागदावरचे नाव मात्र हिंदुरावांचेच राहिले. त्यांच्या पत्नी शकीलाभाभी म्हणाल्या, "अहो, सुनीतीताईंकडून सही घ्या की."

"दुखवट्याच्या घरात कागद मागू?" मैनुद्दीनभाई म्हणाले. "वर्षश्राद्ध होऊ दे."

वर्षश्राद्ध झाले. मग त्यांना वाटले, एवढ्या उशिरा कोणत्या तोंडाने जायचे. शिवाय मालकाचे नाव खोडून स्वतःचे घालायचे म्हणजे त्यांच्या दारावरची पाटी काढण्यासारखे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. दरवर्षी ते हिंदुरावांच्याच नावाने माझा विमा उतरवत आणि त्यात आपण इमान राखतो आहोत असे त्यांना वाटे.

पोटासाठी ते आता जुन्या गाड्यांची मध्यस्थी करू लागले. ज्याला विकायची आहे आणि ज्याला घ्यायची आहे, त्यांची गाठ घालून द्यायची. दुकान नाही, पाटी नाही. एकदा त्यांच्या हातून गेलेली एक गाडी चोरीची निघाली. विकणारा पसार झाला आणि मैनुद्दीनभाईंना चौकीतल्या बाकावर दिवसभर बसवून ठेवले. त्यांचा दोष नव्हता, तसे पुढे ठरलेही. पण त्या दिवशी एका हवालदाराने विचारले, "तुम्ही नक्की कोण? तुमचं दुकान कुठंय?" घरी निघताना ते माझे चाक धरून नुसते बसून राहिले. गाडी सुरू करायचे विसरले होते.

नंतर जुन्या मोटारींच्या धंद्यासाठी परवाना लागेल असा नवा नियम आला. बाकीचे मध्यस्थ कुरकुरले, मैनुद्दीनभाई मात्र हरखले; आता हवालदाराला दाखवायला एक कागद असणार होता. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यावर त्यांच्या जुन्या मित्राची, गेनबाची, मोकळी जागा होती. एके काळी तिथे शेत होते, आता दोन्ही बाजूंना इमारती आणि कोपऱ्यात गेनबाची खाट नि म्हशीचा गोठा. गेनबाला छातीचे दुखणे जडले होते आणि त्याचा मुलगा संपत ती जागा बिल्डरला द्यायच्या विचारात होता. पण गेनबा म्हणाला, "म्या जिता हाय तवर जागा माझी. मैनू, तू मांड गाड्या. पर बिगी बिगी कर."

म्हणून घाई होती, मित्रांनो. गेनबाच्या संमतीवर अर्ज गेला होता. तो असेपर्यंत परवाना आला तर आला, नाहीतर मैनुद्दीनभाई पुन्हा रस्त्यावरचे मध्यस्थ. या वयात दुसरी जागा त्यांना कोण देणार होते?

जागा पाहायला आरटीओचे अधिकारी आले. तरुण, नीटनेटके, बोलणे तुटक. त्यांनी कुंपण पाहिले, आग विझवायचे नळकांडे पाहिले, मान डोलावली. जाता जाता माझ्यापाशी थांबले.

"ही कोणाची?"

"हिंदुराव साहेबांची."

"कुठं असतात साहेब?"

"वारले."

"कधी?"

"आठ वर्षं झाली."

अधिकाऱ्यांनी माझे कागद मागून घेतले, विम्याचा कागद दोनदा उलटून पाहिला आणि म्हणाले, "मेल्यानंतर दरवर्षी नेमानं विमा काढणारे हे पहिलेच गृहस्थ."

गेनबा खाटेवरून हसला, मग त्याला खोकला लागला. मैनुद्दीनभाई हसले नाहीत.

"हे पाहा चाचा," अधिकारी म्हणाले, "तुम्हाला परवाना कशाचा हवाय? लोकांच्या गाड्या ताब्यात घ्यायच्या आणि रीतसर दुसऱ्याच्या नावावर करून द्यायच्या. तुमच्या स्वतःच्या दारात ही उभी, तर मी काय लिहू? वारसाचा निकाल लावा. पुढच्या महिन्यात परत येतो."

ते गेल्यावर गेनबाने तोडगा काढला. "गोठ्यात घाल तिला. वर कडबा टाकतो. सायेब काय कडबा उपसत न्हाय."

आणि मैनुद्दीनभाईंनी मला खरेच गोठ्यात घातले. म्हशीच्या शेजारी, अंगावर कडबा, काचांवर पोती. तशी म्हैस स्वभावाने चांगली होती. पण ज्या माणसाने मला रोज पुसले त्यानेच माझ्यावर पोते ओढले, तेव्हा मला माझ्या वयाची जाणीव झाली.

शकीलाभाभी गेनबाला सूप घेऊन आल्या. त्यांनी गोठ्याकडे पाहिले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमची गाडी म्हैस कधी झाली?"

"महिनाभराचा प्रश्न आहे," मैनुद्दीनभाई म्हणाले.

"पहिलाच कागद लपवाछपवी करून मिळवणार. तो भिंतीवर लावणार. आणि त्याच्याखाली बसून लोकांना सांगणार, माझ्याकडे सगळं साफ असतं." एवढे बोलून त्यांनी डबा गेनबाच्या हातात दिला. गेनबा सूप पीत म्हणाला, "वहिनींचं बराबर हाय. माझी अक्कल गोठ्यापतूरच."

दुसऱ्या दिवशी कडबा झटकून मैनुद्दीनभाईंनी मला बाहेर काढले आणि आम्ही सहकारनगरला गेलो. फाटकापाशी ते कितीतरी वेळ उतरलेच नाहीत. सुनीतीताईंनी वरून पाहिले असावे. त्या खाली आल्या, पुढचे दार उघडून आत बसल्या आणि समोरच्या काचेकडे पाहत म्हणाल्या, "वाट सापडली का? सहकारनगर तिथंच आहे, हलवलेलं नाही."

"ताई, चुकलो."

"आठ वर्षं? सिग्नल लागला होता का?"

मैनुद्दीनभाईंनी सगळे सांगितले. हिंदुराव काय म्हणाले होते, तेरावा, वर्षश्राद्ध, मग लाज, आणि आता गेनबाच्या जागेवरचा परवाना. सांगताना त्यांचा हात गिअरवर होता, जणू कुठल्याही क्षणी निघावे लागेल.

"मी त्या दिवशी बाल्कनीत उभी होते," सुनीतीताई म्हणाल्या. "गाडी फाटकातून बाहेर गेली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत फोन येईल. मला गाडी नको होती, काका. बाबांनी ती तुम्हाला दिलीय हे कळलं असतं, तर मीच किल्ली हातात ठेवली असती. मी तुम्हाला चोर समजले नाही. पण चोर नाही हे सांगायला तरी यायचंत."

मैनुद्दीनभाईंनी गिअरवरचा हात काढून घेतला.

"परवाना कधी यायचाय?"

"पुढच्या महिन्यात साहेब परत येतील. गेनबाची तब्येत ठीक नाही."

"मग गाडी आधी माझ्या नावावर व्हायला हवी. वारस मी एकटीच आहे. तोपर्यंत ही इथं राहील."

त्यांनी हात पुढे केला. मैनुद्दीनभाईंच्या किल्ल्यांच्या कड्यात घरची किल्ली, कुंपणाची किल्ली आणि माझी किल्ली एकत्र होत्या. माझी लवकर निघेना. निघाली तेव्हा त्यांनी ती रुमालाने पुसून दिली आणि बस पकडायला पायी निघाले. सवयीने त्यांनी एकदा मागे वळून माझ्या चाकांकडे पाहिले.

सुनीतीताईंनी रजा टाकली. दोघे मिळून कचेरीत गेले, मृत्यूचा दाखला दिला, वारसाचे कागद केले, सह्या केल्या. काम नियमाने झाले, नियमाला लागतो तेवढा वेळ लागला. माझ्यावरचे हिंदुरावांचे नाव गेले. मला वाटले होते मला काहीतरी होईल. काहीच झाले नाही. पेट्रोल तसेच जळत होते.

पण तेवढ्या वेळात गेनबा थकला. अधिकारी दुसऱ्यांदा आले तेव्हा जागा मोकळी होती, माझे कागद स्वच्छ होते आणि गेनबा दवाखान्यात होता. त्यांनी शेरा लिहिला. कागद पुढे सरकला आणि तो हाती यायच्या आधीच गेनबा गेला. अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितले, "चाचा, वाईट वाटलं. पण जागामालक गेले, आता संमती वारसाची लागेल. नाहीतर अर्ज नव्याने."

वारस म्हणजे संपत. त्याच्या मनात बिल्डर होता.

शकीलाभाभींना वाटले, आता हे पुन्हा तेराव्याची वाट पाहणार. मैनुद्दीनभाई रात्रभर जागे होते असे त्यांनी नंतर सांगितले. सकाळी त्यांनी सुनीतीताईंना फोन केला. तिसऱ्या दिवशी सावडायला जायचे होते, तेही सकाळी लवकर. सुनीतीताई मला घेऊन आल्या आणि आम्ही त्यांना स्मशानात नेले. ते मागच्या सीटवर बसले होते, हिंदुराव बसत त्या बाजूला. मी त्यांना मागे बसलेले प्रथमच पाहिले. चाकावरचे हात त्यांच्या मांडीवर पडले होते.

अस्थी गोळा झाल्या. माणसे पांगू लागली. संपत हात धुऊन माझ्यापाशी आला, कारण सावली माझ्याच बाजूला होती. मैनुद्दीनभाई खाली उतरले.

"संपत, मला सही हवी आहे. जागेच्या संमतीची."

संपत त्यांच्याकडे पाहतच राहिला. "चाचा, सावडायला आलाय का सही घ्यायला?"

"दोन्हीला."

"आज?"

"आजची वेळ चुकीची आहे, मला कळतं. पण मी एकदा योग्य वेळेची वाट पाहिली होती. ती येत नाही. तू नाही म्हण. मी ऐकून घेईन आणि जाईन. पण विचारलं नाही असं नको."

चुलते कुजबुजले. एकजण मोठ्याने म्हणाला, "चिता निवली न्हाय अजून." सुनीतीताईंनी दार उघडले आणि पुन्हा मिटले. संपतने टॉवेलने तोंड पुसले.

"आबाला तुमी आवडायचा," तो शेवटी म्हणाला. "मला आवडता असं न्हाय. पर आबाचा शब्द मोडायला तेरा दिस तरी थांबलं पायजे ना मी बी." मग म्हणाला, "दिवाळीपतूर देतो. म्होरलं म्होरं. बिल्डरला मी सोडलं न्हाय, हे धेनात ठेवा."

"ठेवतो."

कागदावर सही झाली ती माझ्या पुढच्या झाकणावर. संपतच्या ओल्या बोटांचा डाग अजून माझ्या रंगावर आहे.

गणपती बसायच्या आधी परवाना आला. मैनुद्दीनभाईंनी तो काचेत बसवून कुंपणातल्या खोलीत लावला. तिथे आता चारपाच जुन्या गाड्या उभ्या असतात. प्रत्येकीचा मालक जिवंत आहे आणि स्वतः येऊन सही करतो. कोणी म्हणाला, नंतर करू, तर मैनुद्दीनभाई ती गाडी आत घेत नाहीत. गिऱ्हाईक चिडते. "तुमचं दुकान आहे का कचेरी?" असे एकाने विचारले. ते म्हणाले, "दोन्ही नव्हतं तेव्हा बाकावर बसलोय."

दिवाळी झाली. संपतने काही कळवले नाही, तेव्हा मैनुद्दीनभाई आपणहून त्याच्या दारी गेले. संपत म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत राहा. उन्हाळ्यानंतरचे कोणालाच माहीत नाही. शकीलाभाभी हल्ली दुसऱ्या जागेची चौकशी करतात.

मी सहकारनगरलाच आहे. सुनीतीताई कंपनीच्या बसने जातात आणि मी आठवडाभर धूळ खाते. रविवारी त्या मला फिरवतात. महिन्यातून एकदा मैनुद्दीनभाई येतात, हवा पाहतात, बॉनेट उघडतात, मिटतात. गाडी आपल्या नावावर करून घ्या असे ताईंनी त्यांना दोनदा म्हटले. ते म्हणाले, "आता ताई, ती तुमची आहे. मी विचारलं, तेवढं पुरे."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना तेल लागते, पाणी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आमची खरी निगा माणसांनी एकमेकांशी वेळेवर बोलण्यात असते. तुमच्या घरातही कोणाची सायकल, कोणाचे घड्याळ, कोणाची शिलाई मशीन तोंडी शब्दावर उभी असेल. देणारा समोर बसलेला आहे तोवर विचारून घ्या. त्याला वाईट वाटले तर वाटू द्या. त्याच्याकडून दोन शब्द ऐकून तरी घ्याल.

देणाऱ्यांच्या या तारखा आदल्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हत्या. हिंदुराव गुरुवारी, बारा मार्च दोन हजार पंधरा रोजी, दुपारी गेले. गेनबा नागपंचमीच्या दिवशी, सोमवारी, एकवीस ऑगस्ट दोन हजार तेवीस रोजी, सकाळी दवाखान्यात गेला.