दिसलं तेवढंच

"पाय कसलं हायती?" भिमाजीनं विचारलं.

"बारीक. पांढुरकं."

"चालतंय का पळतंय?"

"पळतंय. आता थांबलं. वाकून काय तरी टिपलं आन् परत पळालं."

"डोळ्यावर काय हाय बघ."

बानूबाईनं दुर्बीण जरा वर धरली. "पांढरी पट्टी हाय. तिच्याखाली काळी. मागं मानंवर जाऊन मिळाल्यात दोन्ही."

"धाविक," भिमाजी म्हणाला आणि त्यानं खुशीत मांडीवर थाप मारली. बानूबाईनं आवाज भरायचं बटण दाबून फोन त्याच्या तोंडापुढं धरला. मग तो आपल्या खणखणीत आवाजात बोलला, की पाटसच्या माळावर आज सकाळी एक धाविक पक्षी पाहिला, बांधाच्या अलीकडं, मेंढरं गेली त्या बाजूला. थोड्या वेळानं शिरूरहून पक्षीमित्रांचा ग्रुप चालवणाऱ्या विक्रम सरांचं उत्तर आलं, 'वा मामा!' बानूबाईनं ते वाचून दाखवलं. मामा सकाळभर तेवढ्यावर खूष होता.

'घोड-भीमा पक्षीमित्र' हा शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या पाखरवेड्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. इनामगावला घोड नदीच्या काठी चित्रबलाक उतरले, कवठे येमाईच्या माळावर भोवत्या फिरला, की चहा उतू जायच्या आत ते सगळ्यांना कळायचं. ग्रुपात डॉक्टर होते, मास्तर होते, रांजणगावच्या कंपन्यांतले इंजिनियर होते, आणि त्यांच्याकडं कोपरापर्यंत लांब लेन्सचे कॅमेरे होते. भिमाजीकडं कॅमेरा कधीच नव्हता. तरी ग्रुपाची रीत अशी पडली होती, की दुर्मिळ पक्षी दिसला तर फोटो दाखवायचा, आणि भिमाजी ओव्हाळांनी सांगितलं असेल तर फोटो मागायचा नाही. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, पण सगळे पाळायचे.

भिमाजी रेल्वेत फाटकवाला होता. फाटकाचं काम बाहेरून सोपं दिसतं. स्टेशनमास्तर बसतो लांब आपल्या खोलीत, त्याला फाटक दिसत नाही. फाटकवाला फोनवर सांगतो, 'फाटक बंद', आणि त्या एका शब्दावर गाडी सुटते. पुढाऱ्याची गाडी फाटकाशी येऊन हॉर्न बडवू दे, नवरदेव खोळंबू दे, न लागलेलं फाटक लागलं असं भिमाजीनं नोकरीभर कधी सांगितलं नाही. गाड्यांच्या मधल्या वेळात त्यानं माळावरची पाखरं पाहिली, आणि त्यांनाही हाच कायदा लावला. दिसलं तेवढंच सांगायचं. अर्धं दिसलं तर अर्धं दिसलं म्हणायचं.

मग काचबिंदूनं गाठलं. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग उजवा डोळा गेला, आणि डाव्यात धुकं उतरलं. ग्रुपाला कळवून टाकू, असं बानूबाईनं सुचवलं तेव्हा तो उखडला होता.

"कळलं की संपलं. मग म्या नुसता मामा. जेवला का मामा, बरं हाय का मामा. पाखराचं कोण इचारणार न्हाई." जरा वेळानं तो निवळला आणि म्हणाला, "आता म्या स्टेशनमास्तर आन् तू फाटकवाली. तू सांगशील त्यावर गाडी सोडणार. बघ हां."

बानूबाई जन्मभर लोकांच्या रानात खुरपायला गेलेली. पाखरू म्हणजे ज्वारीवरून हाकलायची वस्तू, एवढंच तिचं पक्षीशास्त्र. पण शाळा सातवीपर्यंत झाली होती आणि नजर घारीची होती. ग्रुपानं सत्कारात दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवून ती नवऱ्याचा हात धरून माळाला निघाली, की नळावरच्या बाया विचारायच्या, "बानूबाई, पाऊस कुठवर आलाय?" तीही ठोकून द्यायची, "बारामतीत हाय, निघालाय." हळूहळू तिला गोडी लागली. माळटिटवीच्या चोचीजवळ पिवळं लोंबतं आणि नदीकाठच्या टिटवीला लाल असतं, हे आता तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तीन वर्षं ती बघत होती आणि तो बोलत होता. ग्रुपाला पत्ता नव्हता.

यंदाच्या पावसाळ्यात पुण्याच्या डॉक्टरनं डाव्या डोळ्याचंही सांगून टाकलं. शीर सुकली, आता औषध नाही, ऑपरेशन नाही. फार तर ऊन आहे का सावली, एवढं कळेल. भिमाजी घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. दोन घास खायचा, ताट सरकवायचा. माळाला चला म्हटलं, की म्हणायचा, "कशाला? तिथं बी अंधारच हाय." विक्रम सरांचा निरोप आला, 'मामा, बरेच दिवस काही नाही?' त्यावरही त्यानं उत्तर दिलं नाही. ग्रुपातून नाव काढ, असं तो म्हणाला. हा माणूस आता भिंतीतच जिरून जाणार, असं बानूबाईला वाटलं.

एका सकाळी तिनं त्याला जवळजवळ ओढून माळावर आणलं. गवत गुडघ्याएवढं झालं होतं. नेमक्या त्या दिवशी माळ रिकामा. साधा चंडोल नाही, टिटवी नाही. "काय हाय?" भिमाजीनं विचारलं, आणि विचारताना त्याचा सूर असा होता, की उत्तर काहीही आलं तरी त्याला चालणार होतं. बानूबाईला तो सूर सोसला नाही.

"अवो," ती म्हणाली, "तुमचा तणमोर हाय."

लग्नाच्या वर्षी त्यानं फाटकाच्या खोलीतून तणमोर पाहिला होता. गवतात लपणारा, कोंबड्याएवढा, काळापांढरा. पावसाळ्यात मादीसाठी गवतातून उंच उडी मारतो. पुन्हा तो कधी दिसला नाही, आणि आता तर या मुलखात त्याचं नाव काढलं तरी लोक हसतात. नव्या नवरीला कुणी गजरा आणतं, भिमाजीनं तणमोर सांगितला होता. नंतरही इतक्या वेळा सांगितला, की बानूबाईला तो पाठ होता.

भिमाजीची पाठ ताठ झाली. "काय बोलतीस?"

"उडी मारली बघा. पुरुषभर वर गेला. वर पंख फडफडवलं आन् दगडागत खाली."

"डोक्यामागं?"

"पिसं हायती. लांब, वळलेली."

"आवाज कसा येईना? त्यो उडताना बेडकागत टर्र करतोय."

हे बानूबाईच्या ध्यानातच नव्हतं. "वारं उलटं हाय," ती घाईनं म्हणाली, "तिकडंच जातंय."

भिमाजीनं तोंड समोर धरलं. त्याचे पांढरे केस कपाळावरून मागं उडत होते. तो मग म्हणाला, "परत उडाला का?"

"उडाला."

"किती?"

"पहिल्यापरीस उंच."

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला. ते हसू बघून बानूबाईला भरून आलं आणि ती सांगतच सुटली. मग त्यानं हात पुढं करून फोन मागितला. आपल्यापुरतं राहू द्या की, असं ती म्हणाली. "तणमोर आपल्यापुरता ठिवायचा?" म्हणत त्यानं हात तसाच पुढं ठेवला. तिनं बटण दाबलं. बोलताना त्याचा आवाज कापला. आनंदानं कापला असेल, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला. फोन सारखा वाजत होता. बानूबाईनं तो पालथा घालून ठेवला.

सकाळी उजाडता उजाडता गाड्या आल्या. शिरूरचे लोक न्हावरा-चौफुला रस्त्यानं अंधारातच निघाले होते. विक्रम सर शाळामास्तर, स्वभावानं मऊ. त्यांनी भिमाजीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, की मामा, आमचा जन्म सार्थकी लावलात. दौंडची स्वप्नाली भलामोठा कॅमेरा घेऊन गवतात पोटावर पडून राहिली. उन्हं चढली. तितर उडाले, चंडोल गायले, तणमोर आला नाही. कुणी तक्रार केली नाही. सगळे भिमाजीमामांच्या शब्दावर बसून होते, आणि बानूबाई चहाची किटली घेऊन त्यांच्यामधून फिरत होती. कुणाच्या तोंडाकडं बघायचं तिला धाडस होत नव्हतं.

शेवटी विक्रम सर भिमाजीजवळ येऊन बसले. दुसरीकडच्या माळावर काढलेला तणमोराचा फोटो त्यांनी फोनवर उघडला आणि पुढं धरला. "मामा, अगदी असाच होता ना? तेवढ्यावर आपण नोंद पक्की करू."

तेवढ्यात गवतातून कुणीतरी हाक मारली. सर तिकडं बघत राहिले, तितरच निघाला. ते परत वळले तेव्हा हात तसाच पुढं होता, पण फोनचा पडदा काळा झाला होता.

भिमाजी पुढं वाकला. डोळे बारीक केले. "व्हय सर," तो म्हणाला, "असाच. मानंखालचं काळं बघा की."

काळ्या काचेत त्याचाच चेहरा दिसत होता. विक्रम सरांनी काचेकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्यांनी दुसरा हात हळूच त्याच्या डोळ्यांपुढून नेला. पापणी हलली नाही.

बानूबाईनं किटली खाली ठेवली. "सर, ते असं झालं..."

"बानू," भिमाजी म्हणाला, "सरांस्नी चहा दे." आणि मग कुणीकडं तरी बघत म्हणाला, "डोळे गेल्यात सर माझे. तीन वर्सं सांगितलं न्हाई तुमाला. काल पाह्यलं असं वाटलं मला. माझीच चूक."

विक्रम सरांनी त्याचा खांदा दाबला. राहू द्या, मामा, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. स्वप्नाली जवळ आली आणि तिनं अगदी मायेनं विचारलं, की मामा, सकाळपासून काही खाल्लंय का. भिमाजीनं मान हलवली. पाखराचं कुणी काही विचारलं नाही.

गाड्या गेल्यावर बानूबाई त्याच्यासमोर बसली आणि रडू लागली. खोटं मी बोलले, आत्ता फोन लावते आणि सरांना सांगते, असं ती म्हणाली.

"न्हाई सांगायचं."

"का न्हाई? तुमचं नाव गेलं."

"आंधळ्याला कोण खोटारडा म्हणत न्हाई. त्याला चुकलं म्हणत्यात. तुला खोटारडी म्हणत्याल. तीन वर्सं खरं बघून तुला ते ऐकायला लागावं, हे माझ्याच्यानं हुयाचं न्हाई."

मग त्यानं सांगितलं, की त्याला तेव्हाच कळलं होतं. वारा त्याच्या तोंडावर येत होता. तणमोर असता तर आवाज त्याच्या कानात आला असता.

"मग बोलला कशापायी फोनवर?" बानूबाईनं विचारलं.

"तू सांगत हुतीस तवा दिसला गं मला. एवढं स्वच्छ कवाच काय दिसलं न्हवतं. त्याला खोटं कसं म्हणू?" मग म्हणाला, "पर फाटक उघडं हुतं. गाडी सोडायची न्हवती."

विक्रम सरांचा निरोप दिवेलागणीला आला. भिमाजी ओट्यावर बसला होता. वाच म्हणाला.

बानूबाई वाचू लागली. "नमस्कार. पाटस माळावरील तणमोराच्या नोंदीस दुजोरा मिळालेला नाही. भिमाजीमामांची दृष्टी काही वर्षांपासून गेली असल्याचे आज समजले..." पुढचं वाक्य तिच्या डोळ्यांनी आधी वाचलं आणि ती थांबली. मामांनी विश्रांती घ्यावी, असं काहीतरी म्हणून तिला फोन ठेवून देता आला असता. त्याला कुठं दिसत होतं? शब्द ओठांवर आलाच होता.

"का थांबलीस?"

तिनं पुढचं होतं तसं वाचलं. "त्यामुळे या काळातील त्यांच्या सर्व नोंदी आपण बाजूला ठेवत आहोत. मामांनी या गटाला खूप दिले आहे. कृपया कुणीही त्यांना फोन करून त्रास देऊ नये."

धाविक गेला. माळटिटवी गेली. तीन वर्षं तिनं ऊन डोळ्यांवर घेऊन पाहिलेलं एकूण एक पाखरू गेलं. आपण किती खरं बघितलं होतं, हे आता जगात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातल्या एकाला दिसत नाही, हे मनात आलं आणि तिला हुंदका आला. भिमाजी फक्त म्हणाला, "समदं वाचलंस. बरं केलंस." मग विचारलं, "खाली कुणी काय लिवलंय?"

"लिवलं न्हाई. हात जोडल्यात. समद्यांनी."

"नुसतं हात?"

"एकीनं फूल बी टाकलंय."

"कुणी गेल्यावर टाकत्यात तसं?"

बानूबाईनं पडदा वर सरकवला आणि पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "तसंच."

भिमाजीनं मान हलवली. मग सावरून बसला आणि त्यानंही हात जोडले. फोन डावीकडं होता आणि त्याचे हात उजवीकडं, रिकाम्या अंगणाकडं जोडलेले. बानूबाई उठली, त्या बाजूला गेली आणि फोन तिनं त्याच्या हातांसमोर धरला.