सोडवून घेतलेलं टोक

मी चीवर बोलतोय. चीवर म्हणजे भिक्खूच्या अंगावरचं ते मातकट पिवळं वस्त्र. चादर नव्हे, शाल नव्हे, आणि एकदा बसमध्ये एका बाईंनी विचारलं होतं तसं टेबलावर घालायचं कापड तर मुळीच नव्हे! मी तसा फार बोलका नाही. अंगावर असताना बोलायची सवयच नसते आम्हाला. पण एक गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, आणि ती पोटात ठेवून ठेवून मी विरत चाललोय.

मी जन्मलो तेव्हा पांढरा होतो, चांगला अखंड तागा. मला विकत घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. खिडकीपाशी तिचं मशीन, बाजूला शाळेच्या गणवेशांचे ढीग, भिंतीला खडूचे डाग. तिचा धाकटा मुलगा भिक्खू व्हायला निघाला होता आणि त्याचं पहिलं चीवर तिलाच शिवायचं होतं.

आता आमची गंमत ऐका. चीवराला अखंड कापड चालत नाही. धडधाकट कापड आधी फाडायचं, मग ते तुकडे शेताच्या बांधांसारखे एकाला एक जोडायचे. बाजारात त्याला किंमत राहू नये, चोरालाही मोह पडू नये आणि घालणाऱ्यालाही. बाईने कात्री हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली.

"काय एकेक नियम तरी!" ती करवादली. "जन्मभर तुकडे जोडून धड कपडे केले. आता धड कापडाचे तुकडे करा!"

"मग नको शिवूस," तिची थोरली लेक म्हणाली. घरात सगळे तिला ताई म्हणत. "तेवढंच त्याचं जाणं लांबेल."

"लांबून लांबून किती लांबेल? दुसऱ्या कोणी शिवलेलं घालून गेला तर मला नाही चालायचं."

असं म्हणून तिने मला कापलं. दुखलं का? दुखलं. पण तिला जास्त दुखत होतं, म्हणून मी गप्प बसलो. टीप घालताना ती मध्येच थांबे, पदराने नाक पुसे आणि मशीनलाच शिव्या घाली. मशीन बिचारं अगदी ठीक चालत होतं.

शिवून, रंगवून, वाळवून ती मला विहारात घेऊन गेली. थोरल्या भंतेंनी, म्हणजे तिथल्या वडील भिक्खूंनी, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. बाईने माझ्या आतल्या बाजूला छोटासा खिसा शिवला होता!

"हे काय, बाई?"

"रुमाल कुठे ठेवील तो?" ती ओशाळून म्हणाली. "सर्दी होते त्याला."

"खिसा आला की खिशात काहीतरी येतं," भंते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक टाका उसवून तो काढला. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी पोराचं मुंडन झालं आणि मी त्याच्या खांद्यावर आलो. मग त्याची आई त्याच्यासमोर वाकली. ज्याच्या पाठीत तिने धपाटे घातले, ज्याचं नाक पुसलं, त्याच्या पायाशी डोकं टेकलं. तो शहारला. मला कळलं, कारण मी त्याच्या अंगाला लागून होतो. तिने सवयीने त्याच्या गालाकडे हात नेला तेव्हा तो एक पाऊल मागे सरकला. भिक्खूला बाईमाणसाचा स्पर्श वर्ज्य, मग ती आई असली तरी. तिने हात तसाच वर नेऊन स्वतःचे केस सारखे केले. "हो की. विसरलेच," ती म्हणाली.

विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या, वर्गात मीही त्याच्या खांद्यावरून सगळं ऐकत असे. तिथे एक गोष्ट सांगतात. आई पाण्यात पडली, बुडायला लागली, तरी हात द्यायचा नाही. दोर टाका, फळी टाका, नाहीतर आपल्या चीवराचं टोक टाका. तिने ते धरलं की ओढून घ्या. त्याने ती गोष्ट मनावर कोरून घेतली. फार सरळ पोरगा होता तो, सांगितलं की ते करणारा. पुढचं मागचं विचारायची त्याला सवय नव्हती.

आमचं विहार म्हणजे काही रानावनातलं नव्हे. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर व्यायामशाळा, मधल्या मजल्यावर आम्ही. पहाटेच्या ध्यानाला वरून वजनं आपटल्याचा आवाज येई. सकाळी तो भिक्षापात्र घेऊन निघाला की कोणी अन्न घाली, कोणी फोटो काढी, कोणी विचारी, "तुम्ही योगावाले का?" एकाने नव्या गाडीला आशीर्वाद मागितला. "गाडीला कशाला?" हा म्हणाला, "तुम्ही हळू चालवा म्हणजे झालं." माणूस हिरमुसला हो! एका मोठ्या कंपनीने आम्हाला ध्यान शिकवायला बोलावलं. सगळे डोळे मिटून बसले, निम्म्यांचे अंगठे फोनवरून हलेनात, आणि शेवटी त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. ध्यानाला टाळ्या! मला तर खांद्यावरून घसरून पडावंसं वाटलं.

पण मन शांत व्हावं ही त्यांची तहान खोटी नव्हती. एक बाई कार्यशाळा संपल्यावरही खुर्चीत बसून राहिली होती. डोळे पुसत म्हणाली, "इतका वेळ कोणी माझ्याकडे काही मागितलं नाही, हेच बरं वाटलं."

सुट्टीच्या दिवशी आई यायची. विहाराची रीत अशी की बाईमाणसाच्या हातातून वस्तू थेट घ्यायची नाही, समोर कापड पसरायचं. ती डबा त्या कापडावर ठेवी, मग तो उचले. "भंते, जेवलास का... म्हणजे जेवलात का?" असं तिचं सुरू होई. तो हसे. "आई, तू अरे-तुरेच कर." "छे छे, पाप लागेल," ती म्हणे आणि पुढच्याच वाक्यात, "वाळलायस किती रे!"

मग साखरेच्या आजाराने तिचे डोळे नेले. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग ताईचा हात धरून जिना चढू लागली, मग येणंच थांबलं. डोळे असताना ती त्याला बघून पोट भरून घेई. डोळे गेल्यावर तिच्याजवळ काय उरलं? फोनवरचा आवाज. आणि फोनवर तो कमी बोलायचा.

शेवटी ताईचाच फोन आला. आईची मूत्रपिंडं थांबली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. तो होता तसा निघाला.

दुपारची वेळ होती. वॉर्डात ओळीने पलंग, फिनेलचा वास, कोपऱ्यात एक पंखा कुरकुरत होता. आई पलंगावर एवढीशी झाली होती. त्याच्या पावलांचा आवाज ऐकताच तिने मान वळवली.

"आलास?"

"आलो, आई."

"कुठे आहेस? हात दे."

तो पलंगाशी उभा राहिला. त्याचे दोन्ही हात माझ्याआड होते.

"हात दे ना रे," ती पुन्हा म्हणाली. "दिसत नाही मला. नुसता आवाज किती ऐकू?"

त्याला तीच गोष्ट आठवली असणार, पाण्यात पडलेल्या आईची. त्याने माझं टोक पुढे केलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने ते चाचपलं. अंगठा शिवणीवरून हळूहळू फिरवत नेला.

"माझीच टीप," ती म्हणाली. "इथे दोरा तुटला होता. बघ, गाठ आहे." आणि तिने मूठ मिटली. लहानपणी तो असाच तिचा पदर धरून बाजारभर फिरायचा म्हणे. मी त्या मुठीत होतो आणि सांगतो, माझ्या उभ्या जन्मात मला कोणी इतक्या मायेने धरलं नाही.

पण तिला हवा होता तो हात. मी कितीही झालं तरी कापडच.

उशाशी उभ्या असलेल्या ताईचा बांध फुटला. "अरे, चिंधी काय देतोस तिला? हात दे! मरायला टेकलीय ती. तुझा कसला धर्म, आईचा हात धरता येत नाही तो?"

"ताई, मला नाही ठाऊक..." त्याचा आवाज चिरकला. "मोठा दोष असेल तर? मी थोरल्या भंतेंना विचारतो. एका मिनिटात विचारतो."

वॉर्डात फोनला रेंज नव्हती. बाहेर, जिन्यापाशी जावं लागणार होतं. आणि मी होतो आईच्या मुठीत.

"ते राहू दे तिच्या हातात," ताई म्हणाली.

"उघड्या अंगाने बाहेर कसा जाऊ? भिक्खूला चालत नाही. आई, आलोच हं मी." असं म्हणून त्याने मला धरलं. मी सुटलो.

जिन्यापाशी फोन लागला. थोरले भंते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे वेड्या! मायेने आईला हात लावला तर दोष आहे, पण लहानसा. दुसऱ्या भिक्खूला सांगितला की मोकळा. इतकी वर्षं मला विचारलं का नाहीस? जा! फोन ठेव आणि जा आधी!"

तो पळाला. भिक्खूने पळायचं नसतं. मी त्याच्या मागे फडफडत होतो, एका परिचारिकेच्या हातातला ट्रे माझ्यामुळे पडता पडता वाचला.

ताई पलंगाच्या कडेला बसली होती. तिने वर पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. आईची मूठ उघडी होती.

मग त्याने हात धरला. दोन्ही हातांनी धरला, गालाला लावला, कपाळाला लावला. "हे बघ, आई. दिला हात. आई गं, दिला ना!" शेजारच्या पलंगावरची माणसं तोंड फिरवून रडत होती. ताईचा राग कुठल्या कुठे गेला. तिने त्याच्या मुंडन केलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि तो मागे सरला नाही.

संध्याकाळी अंत्यविधी झाला. दुसऱ्या दिवशी तो थोरल्या भंतेंसमोर उकिडवा बसला आणि हात जोडून दोष सांगू लागला. आईला हात लावला तो दोष त्याने एका वाक्यात सांगितला. मग म्हणाला, "भंते, दुसरं एक आहे. त्याला विनयात नाव नाही. तिने मला घट्ट धरलं होतं आणि मी तिच्या मुठीतून टोक ओढून घेतलं. मरणाऱ्या आईच्या मुठीतून. ती सोडत नव्हती."

थोरल्या भंतेंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

उत्तर माझ्याकडे होतं! त्यावेळी मी त्याच्या खांद्यावरच होतो, जीव तोडून ओरडत होतो. पण कापडाचं कोण ऐकतं?

अरे, तू ओढलं नाहीस. तू नुसतं धरलंस मला, ओढायच्या आधीच मूठ सैल झाली होती. तुझा आवाज चिरकला ना, तेव्हाच. "मोठा दोष असेल तर" म्हणालास, ते ऐकलं तिने. पोर अडचणीत आलंय हे आईला कळायला डोळे लागत नाहीत. तिने एकेक बोट उघडलं. करंगळी आधी, मग बाकीची, आणि शेवटी अंगठा. माझ्या शिवणीवरून तो एकदा फिरला आणि बाजूला झाला. तुला घरातून जाऊ दिलं तेव्हाही तिने असंच केलं होतं. तिनेच तुला सोडलं, बाळा. रागावून नाही. खरंच नाही.

त्यानंतर त्याने मला कधी अंगावर घेतलं नाही. धुतलं, घडी केली, पेटीच्या तळाशी ठेवलं. दुकानातून आलेलं नवं चीवर घातलं, सगळ्यांना एकाच मापाचं. मी अंधारात पडून होतो. थोरल्या भंतेंना मी एक दिवस सापडलो. "वापरायचं नाही आणि सोडायचंही नाही, याला साठवणं म्हणतात," ते त्याला म्हणाले. आमच्यात चीवर फेकत नाहीत. जुनं झालं की त्याचं अंथरूण होतं, ते विरलं की पायपुसणं, तेही विरलं की कुटून, मातीत कालवून भिंतीला लिंपतात. आमच्या भिंतींना तेलरंग आहे, तेव्हा माझं पुढचं काय होणार देव जाणे. आमच्याकडे तर तोही नाही!

अंथरूण होऊन झालं. आता मी पायपुसणं आहे, विहाराच्या दारातलं. कंपनीतली माणसं येतात, व्यायामशाळेतली पोरं मजला चुकून येतात, सुट्टीच्या दिवशी ताई येते. सगळ्यांचे पाय मी ओळखतो. माझ्या शिवणी उसवल्या आहेत, तुकडे पुन्हा सुटे व्हायला लागलेत.

तो मात्र माझ्यावर पाय ठेवत नाही. दारात आला की थबकतो, लांब टांग टाकतो आणि मला ओलांडून आत जातो. पावसाचे ओले पाय घेऊन तसाच आत जातो, फरशीवर पाणी सांडतं, मग स्वतःच पुसतो.

तुम्ही हे वाचताय, तुमचं कोणी हात मागत असेल तर आधी हात द्या. दोष लागतो का, ते मग विचारा.

आणि भंते, तुम्ही. उद्या सकाळी पात्र घेऊन परत आलात की एकदा थांबा. तुमची आई रागावली नव्हती. मी फार दिवस टिकायचा नाही, म्हणून म्हणतो. ओलांडून जाऊ नका. पुसा पाय.