नगरहून भरून आलेला डबा

ए फॅमिली पॅक! झोपलायस काय? अरे ऐक ना, आत्ता ओट्यावर जे झालं ते ऐकलंस तर तुझं झाकण उडेल. तसं ते एरवीही बसत नाही म्हणा.

थांब, नीट सुरुवातीपासून सांगतो. मी म्हणजे तुझ्या शेजारचा स्टीलचा डबा, दोन कप्प्यांचा, बाजूला क्लिपा असलेला. एका फळीवर राहून तू माझी चौकशी कधी केली नाहीस. तुझंही बरोबर आहे. तू या घरात आईस्क्रीम घेऊन आलास, ते त्याच संध्याकाळी संपलं, आणि तेव्हापासून तुझ्या पोटात साबुदाणा आहे. अजून पाहुणा आला की तुझ्याकडे आशेनं बघतो. एवढं दुःख पोटात असल्यावर दुसऱ्याचं कोण विचारणार!

माझा जन्म कारखान्यातला, पण मला विचारशील तर मी रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात जन्मलो. रुचाच्या आत्यानं मला तिच्या बारशाला घेतलं. दुकानदारानं मशीन टर्रर्र करत माझ्या पोटावर ‘चि. रुचा’ असं नाव घातलं. मला गुदगुल्या झाल्या, पण मी इज्जतीत उभा राहिलो. पाळण्यातली पोर आणि तिला भेट काय, तर पोळीभाजीचा डबा! माणसांची दूरदृष्टी बघ.

मग शाळा. रुचानं मला वर्गात उघडलं, दप्तरात कोंबलं, मैदानावर विसरलं आणि एकदा गंधार नावाच्या पोराच्या पाठीत घातलं. त्याला काही झालं नाही. माझी डावी क्लिप तेवढी ढिली झाली ती झालीच. पण रोज दुपारी तिचा हात लागायचा, तेवढं मला पुरे होतं. कॉलेजात गेल्यावर बाईसाहेब कँटीनवाल्या झाल्या आणि मी इथं, तुझ्या शेजारी आलो.

चार महिन्यांपूर्वी रुचाला सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात माल तपासायची नोकरी लागली. राहायला नगरला, सावेडीत एक खोली. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर, आणि तिच्या आईच्या तोंडात ‘ते तिकडे’. आईचा नोकरीला विरोध नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की जिला दूध उतू जातंय हे वासावरून कळतं, तेही शेजाऱ्यांना वास आला की, ती एकटी राहून खाणार काय?

रुचा रोज फोनवर सांगायची, “आज मुगाची खिचडी केली. आज पिठलं केलं.” आई खूश. मग एकदा व्हिडिओ कॉलमध्ये मागची शेगडी दिसली.

“रुचा, शेगडी एवढी चकचकीत कशी?”

“पुसते मी.”

“तू? पुसतेस?”

संपलं. आई काय, सीआयडी काय, एकच. तिनं रुचाच्या मैत्रिणीला, लीनाला बोलावलं. लीना शनिवार-रविवार नगरला चाललीच होती. मला फळीवरून काढलं, तिखटमिठाच्या पुऱ्यांनी गच्च भरलं आणि तिच्या हातात दिलं.

“परत येताना रुचानं स्वतः केलेलं काहीतरी यात घालून आण. डबा रिकामा परत पाठवत नाहीत, एवढं तरी तिला शिकवलंय मी. रिकामा आला तर पुढच्या रविवारी तिचे बाबा टेम्पो घेऊन जातील. सामानासकट पोरगी घरी.”

कळलं ना काय पणाला लागलं होतं ते? रुचाची नोकरी, तिची खोली, सगळं माझ्या पोटावर! आणि मी मनातून म्हणत होतो, रिकामाच येऊ दे देवा. रुचा घरी, मी तिच्या हातात. स्वार्थी म्हण. म्हण ना, साबुदाण्याच्या तोंडानं.

प्रवासाला निघालो. खाण्यासाठी शहर पालथं घालायला निघालेल्या माणसाबरोबर खायचा डबा! म्हणजे लग्नाला जाताना पोटभर जेवून निघावं तसं. लीनानं शिरूर यायच्या आत माझा वरचा कप्पा साफ केला. खालच्या पुऱ्या वाचल्या, कारण तिला झोप लागली.

स्टँडवर रुचा अशी पळत आली की वाटलं, मलाच मिठी मारणार. मारली लीनाला. मला म्हणाली, “अय्या, हा अजून आहे?” मी आहे बाई. तूच नव्हतीस.

आता गंमत अशी, की चार महिने नगरमध्ये राहून या पोरीनं नगर पाहिलंच नव्हतं. खोली ते कंपनीची बस, बस ते खोली. त्यामुळे शहर दोघींनाही कोरं करकरीत. लीनानं फोनवर रील्स बघून यादी केली होती. मिसळ, मग वडापाव, मग उसाचा रस, मग कुल्फी. मधे तोंडी लावायला संग्रहालय. प्रत्येक पदार्थ आला की आधी फोन जेवायचा. मिसळीचा तर तीनदा फोटो, कारण पहिल्या दोन फोटोंत रुचाचे डोळे मिटलेले होते. तोवर तर्रीवर साय आली.

“भारी आहे ना?” लीना.

“गार आहे,” रुचा.

“गार पण भारी!”

दुपारी लष्कराच्या संग्रहालयात रणगाडे बघायला गेलो. सॅकच्या चेनमधून मला थोडं दिसत होतं. केवढे ते! मला तर पत्रिका न बघताच नातं जुळल्यासारखं झालं. शेवटी आम्ही सगळे पोलादाचेच. फरक एवढाच, की ते रणांगणावर गेले आणि मी चौथी ‘ब’ मध्ये. लीनानं प्रत्येक रणगाड्यासमोर दोन बोटं वर करून फोटो काढला. रणगाडा काही बोलला नाही. आमच्या खानदानात सोसायची सवयच आहे.

रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचं संग्रहालय. तिथं काचेआड एक भांडं होतं. पोचे गेलेलं, काळपट, आणि आत काय? काही नाही! रिकामं! तरी लोक वाकून वाकून बघतायत. बाहेर मी, पुऱ्या संपल्यावर घासूनपुसून लख्ख, आणि मी रिकामा गेलो की घरात रणकंदन. न्याय आहे का रे जगात?

त्या भांड्याकडे बघता बघता रुचा एकदम ओरडली, “लीने! डबा!”

हो. बाईंना आठवण आली. दुपारी लीनाची बस, आणि आम्ही अजून काचेपुढेच!

खोलीवर जाऊन दोघींनी शेगडी पेटवली. म्हणजे पेटवायला घेतली, तेव्हा कळलं की सिलिंडरचं सील अजून तसंच आहे. लीना त्या सीलकडे बघत बसली.

“रुचे, मग चार महिने तू खातेस काय?”

तर मागच्या गल्लीत साळूबाईंची खानावळ आहे. ही त्यांची रोजची गिऱ्हाईक. मुगाची खिचडी, पिठलं, सगळं तिथलंच. चव खरी होती, फक्त हात दुसऱ्याचा.

“मग काकूंना खरं सांग ना,” लीना म्हणाली.

“आईला खानावळ म्हणजे काय वाटतं माहितीये? सोडा घातलेली डाळ आणि टेबलावर माश्या. ती उद्याच टेम्पो पाठवेल. लीने, इथं पहिल्यांदा कुणीतरी मला विचारून मशीन बंद करतं. मी नाही म्हटलं की माल बाहेर जात नाही. मला नाही यायचं परत.”

त्यानंतर मी देवाला ‘रिकामाच येऊ दे’ म्हटलं नाही. पण ते सोड.

साळूबाई चुलीपाशी बसलेल्या, समोर पिठाची परात. रुचानं मला पुढे केलं. “मावशी, आमटी-भाकरी भरून द्या ना. पुण्याला न्यायचीय.”

“कुणासाठी गं?”

“आईसाठी.”

“तुझ्या आयसाठी? मंग सकाळची कशाला? बस, ताजी करून देते!”

झालं! इथंच बेत फसला. दोघींना हवं होतं जेमतेम जमलेलं, नवशिकं काहीतरी. आणि बाई तर विहीणबाईंच्या पंगतीला वाढायचं असल्यासारख्या सरसावून बसल्या. नगरकडची शिपी आमटी, तिला नव्यानं फोडणी. चार-पाच डाळींची, काळ्या मसाल्याची, वास असा की माझी क्लिप आपोआप उघडली.

लीना हळूच म्हणाली, “मावशी, भाकरी जरा… वाकडी चालेल. एखादी करपलेली असली तर बघा.”

बाईंचा हात परातीतच थांबला. “करपलेली?”

“म्हणजे घरगुती वाटेल अशी.”

“का गं, तुमच्या पुण्यात घरोघरी करपवूनच खात्यात व्हय? माझ्या हातनं वाकडी भाकर न्हाई व्हायची. आजारी हुते तवाबी न्हाई झाली.”

आणि खरंच, भाकऱ्या काय उतरल्या! पातळ, टम्म फुगलेल्या, पदर सुटलेल्या. एकीचं तोंड दुसरीपेक्षा गोल. रुचाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

बाईंनी आमटी पिशवीत बांधायला घेतली, तर रुचा म्हणाली, “नको, डब्यातच ओता. घरची आमटी पिशवीत कोण घालतं?” वा! खोटेपणातही शिस्त! माझी डावी क्लिप ढिली आहे हे माहीत असून!

मग बस. खाली आमटी, वर भाकऱ्या, बाहेर लीनाची मांडी. एका गतिरोधकाला ड्रायव्हरनं गाडी अशी काही उडवली, की आमटी माझ्या काठाशी आली आणि डावी क्लिप सटकायला लागली. लीना अर्थातच झोपलेली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, सोडून द्यावी. सॅकमध्ये आमटी, डबा रिकामा, टेम्पो रवाना, रुचा घरी. कुणी मला बोल लावला नसता. क्लिप जुनीच आहे.

पण मला ते मशीन आठवलं. हिला विचारून बंद होणारं. शाळेत हिला ‘खिडकी बंद करू का’ एवढंही कुणी विचारलं नव्हतं रे. मी क्लिप दाबून धरली. शिरूर गेलं, शिक्रापूर गेलं, धरलीच.

आणि आत्ता ओट्यावर काय झालं, तर आईनं मला उघडलं. भाकरी उचलली. ट्यूबलाइटखाली धरली.

“लीना, ही रुचानं थापली?”

“हो काकू. आता बऱ्यापैकी जमतं तिला.”

“बऱ्यापैकी! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी बाजरीची भाकरी अजून तव्यापर्यंत एका तुकड्यात पोचत नाही.”

लगेच फोन. स्पीकरवर.

“रुचा, आमटी झकास हो! काय काय घातलंस?”

“अं… डाळी.”

“कुठल्या?”

“सगळ्या.”

“आणि भाकरीचं पीठ? उकळत्या पाण्यात भिजवलंस की गार?”

“कोमट.”

सोफ्यावर बाबा खो खो हसले. आई नाही हसली. तिनं विचारलं, “बाईंचं नाव काय?”

मग बारीक आवाजात, “साळूमावशी.”

“पैसे घेऊन वाढतात ना? मग ताज्या भाकऱ्या कशा? सकाळच्या द्यायच्या.”

“तुझ्यासाठी म्हटल्यावर नव्यानं केल्या. लीना करपलेली मागत होती, तर तिला ओरडल्या.”

आईनं आमटीत भाकरी बुडवली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं. आमटी तिखट होती, असं ती म्हणाली. आपण डबे, आपण कशाला बोला!

बाबा म्हणाले, “मग टेम्पोवाल्याला काय सांगू?”

“नको म्हणून सांगा. आणायचं काय तिथून? एक शेगडी, तीही कोरी. राहू दे तिथंच. एवढं चांगलं वाढणारं माणूस आहे, आणि इतकं वाईट खोटं बोलणारी मैत्रीण आहे. मरत नाही उपाशी.”

लीना पाणी प्यायला गेली ती अजून पितेय.

आणि आता बघ, आईनं मला स्वतः घासलंय. लेकीला नाही म्हणे, साळूबाईंना गुळाच्या पोळ्या जाणार. त्यांच्याकडून भरून आलेला डबा रिकामा कसा पाठवायचा? मी नाव रुचाचं लावतो, राहतो आईकडे, आणि आता साळूबाईंचा झालो! म्हणजे मी येत-जात राहणार. रुचा मात्र तिकडेच. मी ती क्लिप सोडली असती ना, तर पुढच्या रविवारी ती इथं असती आणि रोज दुपारी तिचा हात…

जाऊ दे. तू सांग, फॅमिली पॅक. तुझं झाकण बसतच नाही, हे उत्तर चालणार नाही. त्या गतिरोधकावर माझ्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?