कृपेचा कंप

सभागृहाच्या दारातून त्या संध्याकाळी माणूस आत जात नव्हता, ढकलला जात होता. ज्याच्या त्याच्या मुठीत दारावरच विकत मिळणारी तांब्याची चकती होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, "आज नवा हात बसणार म्हणे?"

नवा हात म्हणजे माझी भाची.

बाहेरच्या वाचकाला हे उलगडून सांगणे भाग आहे, कारण शहाणपण सगळीकडे साधारण सारखेच असले तरी मूर्खपणाचा साचा प्रत्येक गाव स्वतः घडवते. आमचे गाव फेल्टच्या, म्हणजे केस दाबून केलेल्या जाड कापडाच्या टोप्यांचे. सशाच्या कातड्यावर 'मूळपाणी' नावाचे द्रावण ब्रशाने चोळायचे, कातडी तापवलेल्या खोलीत वाळवायची, मग तिच्या केसांपासून वाफेवर टोपी घडवायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. मूळपाण्याची कृती आद्य टोपीकार मागे ठेवून गेला. ते बंद खोलीत निवडक कामगार कालवतात. हे निवडक कामगार इतरांच्या आधी 'हात' होतात आणि तोच त्यांच्या योग्य निवडीचा पुरावा समजला जातो. पाण्यात काय आहे हे कोणी विचारायचे नाही. विचारायचे नाही, म्हणून ते पवित्र. आणि पवित्र आहे, म्हणून विचारायचे नाही. या वर्तुळाबाहेर पडायला गावात एकही दार नव्हते.

आद्य टोपीकाराचे चरित्र आमच्याकडे पोरासोरांना पाठ असते. उतारवयात त्याचा हात अखंड थरथरे, दात हलत, लाळ गळे. माणसे दिसली की तो लपे आणि क्षुल्लक कारणावरून कडाडे. चरित्रकाराने एकेका लक्षणाला दागिना घातला. थरथर हा दैवी संचार झाला, लाळ अमृत झाली, लपणे वैराग्य ठरले आणि कडाडणे सत्याचा आवेश. थोर पुरुषांना इतिहासात मरण येते. आजार मात्र कधी होत नाहीत.

तेव्हापासून कारखान्यात ज्याचा हात कापू लागेल त्याच्यात आद्य टोपीकार उतरला, असे आम्ही मानतो. त्याला 'हात' म्हणतात आणि कामावरून काढून सभागृहातल्या उंच खुर्चीवर बसवतात. आजाऱ्याला औषध द्यावे लागते; संताला खुर्ची पुरते. हा फरक ज्याच्या प्रथम ध्यानात आला, त्याच्या व्यवहारज्ञानाला तोड नाही.

खुर्चीवर आदल्या वर्षापर्यंत माझी बहीण होती. आता ती घरात खिडकीपाशी बसते. कप धरवत नाही, मुलीचे नाव आठवत नाही, दार वाजले की भिंतीकडे तोंड फिरवते. त्या दुपारी भाची तिला चमच्याने पाणी पाजत होती आणि निम्मे पाणी उशीवर सांडत होते, कारण आता चमचा धरणारा हातही स्थिर नव्हता.

"डॉक्टरीणबाईंना दाखवलंस?" मी विचारले.

"दाखवलं. त्या म्हणतात, विष आहे. दुभाषे म्हणतात, कृपा आहे." तिने चमचा खाली ठेवला. "मामा, विषापेक्षा कृपा ऐकायला बरी वाटते ना."

"आणि आईकडे बघून?"

तिने आईखालची ओली उशी उलटवली. मग म्हणाली, "बाईंनी कारखान्यातल्या पाण्याची बाटली मागितली होती. आज सकाळी टाकीतून भरून देऊन आलेय. तू कुणाला बोलू नकोस."

दुभाषे हे नाव नव्हे, काम. पूर्वी ते कारखान्याचे मुकादम होते. आता खुर्चीशेजारी उभे राहून थरथरीचे भाषांतर करीत. त्या संध्याकाळी भाचीला खुर्चीवर बसवून त्यांनी पहिल्या म्हातारीला पुढे घेतले.

"माझा मुलगा परत येईल का हो?"

दुभाष्यांनी हात न्याहाळला. "हात उजवीकडे गेला. येणार!"

"पण तो डावीकडंही गेला की," मागून कोणीतरी म्हणाले.

"येऊन परत जाणार," दुभाषे गडबडले नाहीत. "आजी, मुलं अशीच असतात."

म्हातारीने समाधानाने मान डोलावली. अनुभवाशी जुळणारे भविष्य कोणाला पटत नाही?

मग मुख्य चमत्कार. भाचीने समोरच्या वाटीत बोटे बुडवली आणि म्हातारीच्या तांब्याच्या चकतीवर फिरवली. बघता बघता लाल तांबे पांढरे झाले, लखलखू लागले. सभागृह गर्जले, "चांदी! चांदी!"

ही चांदी काही दिवसांत काळवंडते, हे प्रत्येक घराला ठाऊक होते. त्यावर दुभाष्यांचे उत्तर तयार असे: "चांदी उतरली नाही, तुमची श्रद्धा उतरली. नवी चकती घ्या." हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. आमच्या गावाला आरसा दाखवला असता तर गावाने त्याचीही पूजा बांधली असती.

गर्दीतून डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांच्या हाती बाटली होती. "मीही चांदी करून दाखवते," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमचा हात कापत नाही," दुभाषे हसले. "तुम्हाला जमायचं नाही."

"माझा हात नकोच." त्यांनी चिमट्यात कापसाचा बोळा धरला, बाटलीतल्या पाण्यात बुडवला आणि एका चकतीवर घासला. चकती पांढरी झाली. दुसरी घासली. तीही झाली. "आता सांगा दुभाषे, या बोळ्यात कोण उतरलंय?"

कोणीतरी खुदकन हसले. मग पुष्कळ जण.

"हे कारखान्याच्या टाकीतलं मूळपाणी आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या वाटीतही तेच. त्यात पारा विरघळवलेला असतो. तांब्याला लागला की पारा सुटून त्याच्यावर बसतो."

"पारा?" एक जण ओरडला. "पारा चकचकीत असतो, बाई! हे तर साधं पाणी दिसतंय!"

"मिठागरात मीठ दिसण्याआधी काय दिसतं? पाणीच ना?"

त्यांनी एक पांढरी झालेली चकती काचेच्या नळीत घातली, तोंडाला कापूस लावला, सगळ्यांना मागे सरकवले आणि उघड्या खिडकीत नळीचे बूड दिव्यावर धरले. चकती पुन्हा तांब्याची लाल झाली. नळीच्या थंड भागात मात्र करडे धुके जमले आणि पाहता पाहता त्याचे बारीक, चमकते, घरंगळणारे थेंब झाले. बाईंनी शेजारी आपला पाऱ्याचा थर्मामीटर धरला.

"हेच की ते!" मघाचाच माणूस पुटपुटला.

"हेच. तापलं की त्याची वाफ होते. दिसत नाही, वास येत नाही. वाळवणीच्या खोलीत तुम्ही तीच श्वासात घेता. जुन्या काळी आरसे करणारे कापायचे, सोन्याचा मुलामा देणारे कापायचे, टोप्या करणारे कापायचे. त्यांच्यात कोणी उतरत नव्हतं. पारा चढत होता."

दुभाष्यांच्या बुद्धीला खरोखर दाद द्यावी लागेल. क्षणभर थांबून त्यांनी दोन्ही हात उंचावले. "म्हणजे आद्य टोपीकार साक्षात या पाण्यातच आहेत! बाईंनी सिद्ध केलं!"

आणि टाळ्या पडल्या. मी स्वतः ऐकल्या. पुरावा समोर असताना पडणाऱ्या टाळ्यांइतका भयाण आवाज जगात दुसरा नसेल.

भाची खुर्चीवरून उठली. तिने कापता हात दुभाष्यांच्या तोंडासमोर धरला.

"याचा अर्थ सांगा."

"तो म्हणतोय... शांत राहा."

"तो तुमच्याशी बोलतच नाहीये. तो मला सांगत होता की मी आजारी आहे, आणि मी मधे दुभाष्या ठेवला." तिचा आवाजही कापत होता, पण तुटला नाही. "आईचा हातही हेच सांगत होता. तुम्ही तिला इथे बसवलंत आणि रोज तिची बोटं याच पाण्यात बुडवलीत. तुम्ही इतकी वर्षं मुकादम होतात ना? वाळवणीच्या खोलीत कधी पाऊल टाकलंत?"

दुभाष्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला यायची खूण केली.

"तुमचा हात का नाही कापत? मालकांच्या घरात एकालाही कृपा का नाही झाली?"

या प्रश्नाचे भाषांतर त्यांना जमले नाही. मघाची म्हातारी पुढे आली आणि तिने आपली चकती वाटीशेजारी ठेवून दिली. तिच्या मागून आणखी काहींनी ठेवल्या. सगळ्यांनी नाही.

दुसऱ्या सकाळी ब्रश चालवणाऱ्या बायका कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या: पाण्यात काय आहे ते सांगा, नाहीतर हात लावणार नाही. त्यांच्यात भाची नव्हती. ती डॉक्टरीणबाईंकडे होती. वाफेपासून दूर राहिली तर तिचा हात बराच सावरेल, असे बाई म्हणतात. माझ्या बहिणीविषयी त्या काहीच म्हणत नाहीत, आणि त्याचा अर्थ सांगायला कोणाची गरज नाही.

काही घरांतून अजून मूळपाण्याने चकत्या घासल्या जातात. त्या घरांना माझे एवढेच सांगणे: चमत्कार खुशाल पाहा, पण जी कृपा फक्त राबणाऱ्यांवरच होते आणि राबवणाऱ्यांना कधी शिवत नाही, तिच्यापुढे मान झुकवण्याआधी वाटीतले पाणी तपासून घ्या. तपासल्याने देव कोपणार नाही. न तपासल्याने माणसे मरतात.