बाबांचा आवाज वॉरंटीत आहे

माझे बाबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. पण त्याआधी दवाखान्यातल्या एका हुशार डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली आणि कॉम्प्युटरमध्ये भरली. आता बाबा टाइप करतात आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलतो. तोच दम, तीच खरखर.

एक दिवस फट्ट झालं नि कॉम्प्युटर गप्प. दुकानदार म्हणाला, आत वीज पुरवणारा डबा असतो, पॉवर सप्लाय, तो गेलाय. बाकी सगळं ठणठणीत आहे. मी म्हटलं, नवा घेऊन टाकू. बाबांनी पाटीवर ठसठशीत लिहिलं, ‘वॉरंटी आहे ना? मग कंपनीला सोडायचं नाही!’

झालं! डबा कंपनीकडे गेला आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. रोज फोन, रोज तीच गोड गळ्याची मुलगी.

‘आपला पार्ट प्रक्रियेत आहे, मॅडम. आपल्या संयमाबद्दल धन्यवाद.’

‘संयम? माझ्याकडे संयम आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?’

इकडे घरात बाबा पाटीवर भांडायचे. पण पाटीवर भांडण काही रंगत नाही. त्यांचं वाक्य लिहून होईस्तोवर आई स्वयंपाकघरात पोचलेली असायची. पाटी घेऊन तिच्यामागे धावणारे बाबा बघून मला हसू फुटायचं आणि लगेच विरायचं. अख्खा बाजार दणाणून सोडणारा माणूस हो! हळूहळू त्यांनी लिहायचंही सोडलं. पाटी कपाटावर गेली आणि बाबा खिडकीशी बसून राहायला लागले. मला ते बघवेना.

मग एकदा ती मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पार्ट दोनदा पाठवला होता. दोन्ही वेळा तुमच्या घरून परत आलाय.’

माझं डोकंच फिरलं. ‘अहो, थापा मारायच्या तर जरा बेताने मारा! माझी आई दिवसभर घरात असते.’

‘आईंनीच परत पाठवलाय, मॅडम. तसं इथे लिहिलंय.’

मी फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात गेले. आई भांडी पुसत होती.

‘आई, कुरियरवाला आला होता?’

‘आला होता की. दोनदा. हाकलला मी त्याला.’

‘अगं, पण का? बाबा तिकडे तोंड मिटून बसलेत आणि तू...’

‘तो म्हणाला, जुन्याच्या बदली नवीन आणलाय.’ आईने फडकं ओट्यावर आपटलं. ‘नकोय मला नवीन! आमचाच दुरुस्त करून आण, म्हटलं. नव्यातून भलत्याच कोणाचा आवाज आला म्हणजे? या वयात परक्या माणसाशी संसार करू का मी?’

मी हसायला तोंड उघडलं, पण हसूच येईना. आईचे डोळे भरले होते. इतके दिवस बिचारीला वाटत होतं, कंपनी बाबांचा आवाजच घेऊन गेलीय.

‘आई, अगं त्या डब्यातून नुसती वीज येते. आवाज इथेच आहे, आपल्या कॉम्प्युटरमध्ये. तो कुठ्ठेही गेलेला नाही.’

‘शपथ?’

‘तुझी शपथ.’

‘मग आधी सांगायला काय झालं होतं? नुसतं पार्ट पार्ट लावलंय सगळ्यांनी!’

फोन चालूच होता. पलीकडे कोणीतरी नाक ओढलं. ‘मॅडम, मी आजच पुन्हा पाठवायला सांगते हं.’ मी तिची माफी मागितली. माफी मागणं मला फारसं जमत नाही, पण तिने चालवून घेतलं.

पार्सल आलं, तेव्हा आईने कुरियरवाल्याला आत बसवून पाणी दिलं, वर उशीर केला म्हणून झापलंही. तो बापडा तिच्याकडे बघतच राहिला. दुकानदाराने डबा बसवून बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला. आई दाराशीच उभी राहिली, आत येईना. बाबांनी बोटं मोडली आणि टाइप केलं.

‘अगं, ऐकतेस का?’

बाबांचा आवाज खोलीभर घुमला. आईने भिंतीला हात टेकला.

‘नाही ऐकलं,’ ती म्हणाली. ‘पुन्हा म्हणा.’