साहेब पडले म्हणून

पंढरीनाथ साहेब मागे पडले आणि त्यांच्यामागोमाग अठरा शिकलीसवरलेली माणसं गाद्यांवर आडवी झाली. मास्टर रणजीत दहा पावलांवर उभे होते. त्यांनी पाय आपटला, "हान्" असा आवाज काढला आणि तळहात पुढे केला, एवढंच. कुणाला बोटही लावलं नव्हतं. पडलेली मंडळी उठली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या शहराबाहेर, आमेरच्या किल्ल्यामागच्या डोंगरावर मास्टरांचं सात दिवसांचं ताइची शिबिर होतं. ताइची म्हणजे हातपाय अगदी सावकाश फिरवत करायचा जुना चिनी व्यायाम. व्यायाम चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौथ्या दिवशी माझी कंबर मला चपला घालताना त्रास द्यायची थांबली. मास्टर तेवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

पण मास्टर चीनच्या डोंगरात बारा वर्षं राहिले होते, असं ते सांगत. तिथे त्यांनी बेंबीखाली शक्ती साठवली होती. ही शक्ती भिंतीच्या आरपार जाते, माणूस ढकलते, गुडघा मोकळा करते आणि साखर उतरवते. एकदा तर त्यांनी शेजारच्या खोलीतला शिष्य या खोलीतून पाडला होता. शिष्याने तिथे काय केलं होतं म्हणून त्याला पाडला, ते कुणी विचारलं नाही.

शिबिराला आली होती आमची प्रताप नगरातली मराठी मंडळी, बहुतेक एकाच बँकेतून निवृत्त झालेली. पंढरीनाथ साहेब त्यांचे झोनल मॅनेजर होते. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण साहेबांनी चमचा उचलल्याशिवाय अजून कुणी पोह्यांना हात लावत नाही. शिबिरातल्या रांगाही हुद्द्याप्रमाणे लागल्या. कुणी लावल्या नाहीत, आपसूक लागल्या. माझे दाजी जयंत आणि बहीण चारुलता दुसऱ्या रांगेत. माझं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे मी सगळ्यांच्या मागे.

मी पडलो नाही. मास्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "इनकी नाडी बंद है." जेवताना दाजी माझ्या कानाशी आले.

"मंगेश, पडायला काय जातं रे तुझं? साहेब पडले ना."

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण ताईला बावीस वर्षं इन्सुलिन चालू आहे. तिच्या शरीरात ते तयारच होत नाही, बाहेरून घ्यावंच लागतं. सहाव्या दिवशी संध्याकाळी मास्टरांनी पितळी घंगाळ मांडलं आणि म्हणाले, शक्ती जागी झाली, आता औषधं सोडा. साहेबांनी ब्लड प्रेशरच्या गोळ्या टाकल्या. मग रांगेने सगळ्यांनी आपापलं टाकलं. ताईने इन्सुलिनचं पेन टाकलं. मी अडवायला गेलो तर तिने मलाच सुनावलं, की धक्का तिला अंगात जाणवला होता, आणि माझी नाडी बंद असली तर तो तिचा दोष नव्हता.

सकाळचंही इंजेक्शन तिने घेतलं नाही. उजाडल्यापासून ती घटाघटा पाणी पीत होती आणि बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. मी भाचीला फोन लावला. मैत्रेयी खाली शहरात, गोपालपुऱ्यात कोचिंगच्या पोरांना फिजिक्स शिकवते. सव्वा तासात ती साखर मोजायचं यंत्र आणि नवं पेन घेऊन वर आली. ताईने बोट पुढे केलं नाही. मास्टरांना विचारून बघू, म्हणाली.

मैत्रेयी वाद घालत बसली नाही. ती सरळ मास्टरांपुढे गेली, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की शक्ती भिंतीतून जाते असं ऐकलं. भिंत नको, नुसती सतरंजी मध्ये धरू. आवाज मात्र करू नका.

मास्टर म्हणाले, आज हवा अनुकूल नाही. तेव्हा पंढरीनाथ साहेबच पुढे झाले.

"होऊन जाऊ द्या मास्टरजी. पोरीची शंका फिटेल."

साहेब बोलले, म्हणजे ठरलं.

शिबिराच्या स्वयंपाकघरातल्या दोन पोरांनी सतरंजी ताणून धरली. पलीकडे मंडळी रांगांत उभी राहिली, अलीकडे मास्टर, मैत्रेयी आणि मी. मैत्रेयीने बोट वर केलं, मास्टरांनी हात फेकला. कुणी हललं नाही. परत फेकला. पलीकडे कुणीतरी शिंकलं, पडलं कुणी नाही. तिसऱ्या वेळी मास्टरांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. पलीकडून दाजींनी विचारलं, सुरू कधी करणार?

मैत्रेयीने मास्टरांना खुणेनेच बसायला सांगितलं आणि त्यांच्या हातात त्यांचाच ग्रीन टी दिला. मग माझ्याकडे बघितलं. मी पाय आपटला आणि घसा फाडून ओरडलो, "हान्!"

धपाधप आवाज झाले. पोरांनी सतरंजी खाली केली. एकोणीस माणसं गाद्यांवर आडवी होती आणि मास्टरांच्या तोंडाला कप होता.

पहिल्यांदा साहेब उठले. कपडे झटकत, कुणाकडेही न बघता बोलले. "पहिल्या दिवशी माझा पाय गादीच्या कडेवरून सटकला. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी उभं राहिलो असतो तर बरं दिसलं नसतं."

"साहेब, आम्ही तुमच्याकडे बघून पडत होतो," दाजी म्हणाले.

"मला वाटलं, तुम्हाला काहीतरी होतंय," साहेब म्हणाले.

मास्टर चीनच्या हवामानाविषयी काही सांगू लागले होते. ऐकायला कुणी नव्हतं.

ताई गादीवरच बसून होती. "पण मला जाणवलं होतं ग, मैत्रेयी."

"जाणवलंच असेल, आई. पुढचे सगळे पडताना दिसले, वर तो आवाज आला की अंग आपोआप मागे जातं. मतलब, तुला खोटं कोण म्हणतंय? फक्त धक्का कुणी मारला नव्हता."

ताईने बोट पुढे केलं. यंत्रावर चारशे बारा आकडा आला. मैत्रेयीने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तेवढं इन्सुलिन ताईने सगळ्यांसमोर पोटात टोचून घेतलं आणि आम्ही तिला गाडीत घालून खाली इस्पितळात नेलं. दोन दिवस सलाइन लागलं. आणखी एक दिवस डोंगरावर काढला असता तर पुढचं सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते हळू आवाजात म्हणाले, पण दाजींनी ऐकलं.

मास्टरांचा मला राग आहेच. त्यांच्यावर तक्रारही केली आहे. पण आयुष्यभर सह्या तपासून पैसे देणाऱ्या माणसांनी हा माणूस एकदाही तपासला नाही, याचा राग जास्त आहे. व्यायाम करा, रोज करा. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबभरही कमी करू नका. आणि पुढचा माणूस पडला, मग तो कितीही मोठा साहेब असो, तर हात देऊन त्याला आधी उठवा आणि विचारा, काय झालं.