खिळ्यावर राहिलेला बिल्ला

येत्या मार्चमध्ये शाळा बंद करायची असं ठरलं, तेव्हा चिझुरू हाताए रडली नाही. घरी गेली, चहा ठेवला आणि पाठाचं टाचण काढायला बसली. नोव्हेंबरचा खुला पाठ तिच्याकडे आला होता आणि तो या शाळेतला शेवटचा खुला पाठ होता. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक वर्गात मागे उभे राहून बघणार आणि नंतर चहाबरोबर तिचं एकेक वाक्य सोलून काढणार, हे तर दरवर्षीचंच. यंदा त्यांच्यात इशिमारू सर असणार होते.

इशिमारू सरांनी तिला याच वर्गात इतिहास शिकवला होता. त्या काळी गावची खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि गावात कोळशाचं नाव कुणी काढत नसे. एके दिवशी सरांनी वर्गात खिळे ठोकलेली फळी आणली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक लाकडी बिल्ला दिला. खाणीत उतरताना बिल्ला फळीवर अडकवायचा, वर आलं की काढून घ्यायचा. पोरांनी हसतखिदळत बिल्ले अडकवले, तासाच्या शेवटी काढले आणि फळीवर एक बिल्ला तसाच राहिला.

"सर, हा कुणाचा?" तेरा वर्षांच्या चिझुरूनं विचारलं.

 सरांनी तिचा प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि खडू ठेवून ते वर्गाबाहेर गेले. संध्याकाळी चिझुरूनं तोच प्रश्न आजीला विचारला. जन्मात खाणीबद्दल चकार शब्द न काढणारी आजी त्या दिवशी स्वयंपाक अर्धा टाकून बोलत राहिली. इतिहासाची शिक्षिका व्हायचं हे चिझुरूनं तिथेच, करपलेल्या मिसो सूपच्या वासात ठरवलं. तो वास आठवला की आजही तिचा जीव गलबलतो.

आता तिला तोच प्रश्न हवा होता. कुणा तरी पोराच्या तोंडून, आपसूक, सरांच्या देखत. एवढं एकदा झालं की शाळा खुशाल बंद होऊ दे.

त्यासाठी तिनं जिवाचा आटापिटा केला. सरांकडून तीच फळी मागून आणली. टाचणात मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला. फळ्यावर कुठे काय येणार याचा नकाशा काढून शिक्षकखोलीच्या भिंतीवर डकवला. जपानमधल्या शाळांत तास चालू असताना फळा पुसत नाहीत. तास संपला की पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळा पाठ फळ्यावर दिसायला हवा. नकाशाच्या कडेला "मुलांची अपेक्षित उत्तरं" असा रकाना होता आणि त्यात तिनं चुकीची उत्तरंसुद्धा लिहून ठेवली होती.

"हाताए बाई, पोरांनी कुठे शिंकायचं तेही लिहा," मुख्याध्यापिका यासुताके बाई म्हणाल्या.

"लिहिलंच असतं. जागा उरली नाही."

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात यायला हवी होती, पण आली नाही. दुपारच्या जेवणानंतर शिक्षकखोली झाडायला मुलंच येतात. या शाळेत तर सबंध गावाच्या आठवणीपासून येतात.

पाठाचा दिवस उजाडला. इशिमारू सर काठी टेकत आले आणि मागच्या खिडकीपाशी बसले. मुलांनी बिल्ले अडकवले आणि तास सुरू झाला. असा तास चिझुरूनं उभ्या आयुष्यात घेतला नव्हता. प्रश्न पडायचा अवकाश, की उत्तर हजर! एकानं चुकीचं उत्तर दिलं, दुसऱ्यानं ते खोडून काढलं, तिसरीनं दोघांचा मेळ घातला. मागचे पाहुणे माना डोलवत होते. मुलांनी बिल्ले काढून घेतले आणि एक फळीवर राहिला. 

क्योहेई उठला. हा पोरगा इतका दणदणीत बोलतो, की मैदानावरून त्याचा आवाज शिक्षकखोलीत ऐकू येतो. त्यानं आधी डोकं खाजवलं आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, हा कुणाचा?"

 भिंतीवरच्या त्या रकान्यात चिझुरूनंच लिहिलं होतं: एक विद्यार्थी, जरा विचार करून, हळू आवाजात.

"क्योहेई, शिक्षकखोली कुणी झाडली होती रे?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग क्योहेईच्या तोंडून निघालंच, या वेळी त्याच्या खऱ्या आवाजात, "सगळ्यांनी आळीपाळीनं, बाई! आम्ही वाटून घेतलं. चुकीचं उत्तर कुणालाच नको होतं, मग चिठ्ठ्या टाकल्या."

"पण का?"

"शेवटचा आहे ना," तो म्हणाला. "म्हटलं, तुमचा चांगला व्हावा."

मागे कुणी तरी खाकरलं. चिझुरूला हसू आलं, रडू आलं आणि आपण किती मूर्ख आहोत तेही कळलं. इतक्या मायेनं तिला आजवर कुणी फसवलं नव्हतं. पण तिचा प्रश्न गेला तो गेलाच. सरांकडे बघायचं धैर्य तिला झालं नाही.

तिनं डस्टर उचललं आणि सगळा फळा पुसून टाकला. पाहुण्यांच्या हातातली पेनं थांबली.

"माझ्याकडे आता टाचण नाही," ती मुलांना म्हणाली. "तुमच्याकडेही नाही. घंटा होईपर्यंत बसू या."

 मुलं फळीकडे बघत राहिली. मग भिंतीकडच्या रांगेतल्या मिओरीनं हात वर केला. वाटणीत तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं, कारण ही बोलणार नाही असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"बाई, खाण बंद झाली त्या शेवटच्या दिवशी," ती अडखळत म्हणाली, "माणसांनी बिल्ले घरी नेले का? की फळीवरच राहिले?"

"मला माहीत नाही," चिझुरू म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

"मग मार्चमध्ये, दारातल्या चपलांच्या फडताळावर आपल्या नावाच्या पट्ट्या आहेत ना, त्या कोण काढणार?"

चिझुरूनं खडू घेतला आणि कोऱ्या फळ्यावर तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला.  वळून बघते तो इशिमारू सर काठीवर जोर देऊन उभे राहिलेले.

तास संपल्यावर सर तिच्याजवळ आले.

"सर, मला तुमच्यासारखा तास घ्यायचा होता. माझा प्रश्न कसा आपसूक आला होता..."

"आपसूक?" सर खो खो हसले. "अगं, चार शाळांत तो पाठ घेतला होता मी. कुणी विचारेचना! म्हणून तुला मुद्दाम फळीसमोर बसवलं. सगळ्यांत भोचक तू!"

ती बघतच राहिली. इतकी वर्षं उराशी जपलेला तिचा प्रश्न सरांच्या टाचणात आधीपासूनच होता.

"हा मात्र नव्हता हं," सर फळ्याकडे बघत म्हणाले. "माझ्याही टाचणात नव्हता." त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

मार्चमध्ये निरोप समारंभ झाला. मुलं दारात आली, शाळेत घालायचे जोडे काढले, बाहेरचे घातले आणि कुणी काही न सांगता आपापल्या नावाची पट्टी नखानं सोडवून खिशात घातली. क्योहेईची फाटली, तर तो तुकडे गोळा करत बसला. चिझुरू जिन्यापाशी उभी राहून बघत होती. फडताळ रिकामं झालं आणि मुलं फाटकाकडे निघाली.

मिओरी फाटकातून परत आली. मुलांच्या फडताळापलीकडे शिक्षकांचं फडताळ होतं. तिनं त्याच्यावरची एक पट्टी हलकेच सोडवली आणि चिझुरूच्या हातात दिली.

"बाई," ती म्हणाली, "तुमची राहिली होती."